मानपत्राचा मसुदा

उर्दू शाळेत शिकवायचे आणि मराठीत लिहायचे म्हटले की काही शब्द फार जपून वापरावे लागतात. त्यातला एक शब्द आहे रजाकार. उर्दूत त्याचा अर्थ अगदी साधा. रजा म्हणजे मर्जी, खुशी. आपल्या खुशीने, मोबदला न घेता काम करतो तो रजाकार. रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडणारा मुलगा, हाजींच्या सामानाला हात लावणारा तरुण, या सर्वांना उर्दू वर्तमानपत्र रजाकारच म्हणते. पण हाच शब्द मराठीत उच्चारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर १९४८ सालचे हैदराबाद संस्थान उभे राहते. मराठवाड्यातल्या माणसाला तर तो शब्द ऐकवतही नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मग स्वयंसेवक म्हणावे, तर त्या शब्दालाही आता एका संघटनेचा रंग चढलेला आहे. कार्यकर्ता म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणत्या पक्षाचा?

हा पेच माझ्यासमोर ऑगस्ट २०२१ मध्ये आला. चिपळूणच्या महापुरानंतर आमच्या खाडीकाठच्या गावातल्या जमातीने ठरवले की पुरात उतरलेल्या मुलांचा सत्कार करायचा. सत्कार म्हटला की मानपत्र आले. आणि मानपत्र मराठीत हवे, कारण प्रमुख पाहुणे मराठी वाचणारे. गावात उर्दू शाळेची टीचर मराठीतही लिहिते हे सगळ्यांना माहीत. तेव्हा मसुदा माझ्याकडे आला. "आपत्तीत धावून गेलेले आमचे ..." इथे पेन थांबले ते थांबलेच. गावात या मुलांना कोणीच काही म्हणत नाही. "पोरां गेलीत होडी घेऊन," एवढेच म्हणतात. पण मानपत्रात "पोरां" कसे लिहिणार?

वाचकांपैकी अनेकांना त्या आठवड्याची तिथी आठवत असेल. २० जुलैला आषाढी एकादशी होती, २१ जुलैला बकरी ईद. करोनामुळे दोन्ही सण घरातच झाले. ईदच्या रात्री पाऊस असा लागला की छपरावर कोणी दगड ओतत असावे. वाशिष्ठी तिवऱ्याच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते आणि चिपळूणला पोहोचेपर्यंत डोंगरातले सगळे पऱ्हे तिच्यात आलेले असतात. शहरात तिला शिवनदी मिळते. त्यात कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणीही कोळकेवाडीमार्गे हिच्यातच येते. पूर त्या पाण्याने वाढला की नुसत्या पावसाने, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यात मी पडत नाही. पण खाडीवरचा माणूस एक गोष्ट जन्मापासून जाणतो. पौर्णिमा जवळ आली होती, भरती मोठी होती. नदी वरून उतरत होती आणि खाडी खालून चढत होती. मधे सापडले चिपळूण. २२ जुलैला उजाडता उजाडता बाजारपेठेत पाणी होते आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या बुडाल्या. २६ जुलै २००५ चा पूर मी शाळेत असताना पाहिला होता. त्याच्या खुणा भिंतींवर दाखवून आम्ही बढाया मारायचो. या वेळी अनेक ठिकाणी पाणी त्या खुणांच्या वर गेले.

वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते तुटले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पुण्याहून निघाल्या तरी त्यांना घाट उतरून यायचे होते आणि त्या दिवशी घाटात दरडी होत्या. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. म्हणजे यंत्रणेला एका दिवसात दहा ठिकाणी धावायचे होते. मी यंत्रणेला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दल येईपर्यंतचे जे तास असतात ते कोणाचे असतात, एवढेच मला सांगायचे आहे. ते तास जवळच्या माणसाचे असतात. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा अंधारात पुढची वाहने थांबवायला धावला तो पुलाजवळच्या गॅरेजमधला माणूस. २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्या तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हाही ओढ्याकाठी पहिले कंदील आणि टॉर्च आजूबाजूच्या वाड्यांतलेच होते.

आमच्या गावातून त्या सकाळी एक होडी गेली. पाण्यातून नव्हे, टेम्पोतून. प्रवाहाच्या उलट मशीनवर जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून सहा जणांनी होडी उचलून पिकअपवर आडवी बांधली आणि जिथे रस्ता संपून पाणी सुरू होत होते तिथे उतरवली. होडीचा मालक, ज्याला सगळे गाव चाचा म्हणते, तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. जन्मभर खाडीत मासे मारलेला, काही वर्षे हातपाटीने वाळू काढलेला. हातपाटीवाला म्हणजे बुडी मारून तळाची वाळू पाटीत भरून आणणारा. गढूळ पाण्यात डोळे कामाचे नसतात, पायांनी पाहावे लागते, हे त्याला कोणी प्रशिक्षण वर्गात शिकवलेले नव्हते. बरोबर त्याचा पुतण्या, माझा एक जुना विद्यार्थी जो टेम्पो चालवायचा, आणि शेजारच्या भोईवाडीतला एक तरुण. वल्हे त्या भोई तरुणाच्या हातात होते.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकले आहे. खाडीतल्या पाण्याला स्वभाव असतो, शहरातल्या पाण्याला नसतो, असे चाचा म्हणाले. दोन इमारतींच्या मधून पाणी असे सुटते की होडी आडवी झाली तर संपले. खाली कुंपणाच्या भिंती, त्यावर लोखंडी भाले. ते दिसत नाहीत. वर विजेच्या तारा. गॅसच्या टाक्या, फ्रीज, दुचाक्या तरंगत येतात. मशीनच्या पंख्यात साड्या आणि प्लास्टिक अडकून ते पहिल्या तासातच बंद पडले. मग वल्ही, बांबू आणि बाल्कनीचे गज. एका गजावरून दुसऱ्या गजाला हात घालत, रस्सी सोडत आणि ओढत ते गल्लीत शिरले. एका घरी म्हातारे जोडपे माळ्यावर बसलेले. आजी यायला तयार, आजोबा तयार नाहीत. का, तर अंगावर फक्त बनियन होती आणि परक्यांसमोर असे उतरायचे कसे! टेम्पोवाल्याने आपला शर्ट काढून दिला. तो शर्ट घालून, वरचे बटन लावून, मग आजोबा उतरले. हे सांगताना ती पोरे इतकी हसत होती की मलाही हसू आवरले नाही. किती माणसे काढली असे विचारले तर कोणाचा आकडा कोणाशी जुळत नाही. मानपत्रात मी आकडा घातला नाही.

बायकांचे काम तर कोणाच्या हिशेबातच नव्हते. ईदचा दुसरा दिवस. घरोघर कुर्बानीचे मटण, वीज नाही म्हणून फ्रीज बंद. गावातल्या बायकांनी सकाळीच ठरवले की मटण शिजवायचे आणि मोहल्ल्यात, पाहुण्यांत संपवायचे. पण शहरात जाणारे जेवण खिचडीचेच असेल आणि त्याची भांडी वेगळी असतील. हे ठरवायला सभा लागली नाही की कोणी मौलाना वा पुढारी लागला नाही. कोण खाणार आहे माहीत नाही, आज एकादशीचा उपास सोडून दोन दिवस झालेले कोणी असेल, श्रावण जवळ आहे, एवढा विचार चुलीपाशीच झाला. ओल्या लाकडांवर दोन देगा चढल्या आणि पुढचे नऊ दिवस उतरल्या नाहीत. सत्काराच्या पहिल्या यादीत एकाही बाईचे नाव नव्हते. मी विचारले तेव्हा उत्तर आले, "टीचर, बायकांची नावे स्टेजवर कशाला?" शेवटी "समस्त भगिनी" असा एक शब्द घातला गेला. समस्त हा शब्द नाव टाळण्यासाठी फार सोयीचा आहे.

यादीचीही एक गंमत झाली. पहिली यादी नऊ जणांची होती. ती जमातीच्या बैठकीतून बाहेर आली तेव्हा सत्तावीस जणांची झाली होती. ज्याने टेम्पोला डिझेल दिले तो होता, हे ठीक. ज्याने पुलावर उभे राहून मोबाईलवर चित्रण केले तोही होता. मात्र चिखल काढणारी मुले राहून गेली. पूर ओसरल्यावर शहरात कंबरभर गाळ होता. दुकानांतले धान्य कुजलेले, औषधे विरघळलेली. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले होते. २००५ नंतर दुसऱ्यांदा त्या वाचनालयाची पुस्तके भिजली. गाळ उपसण्याच्या कामाला ना थरार असतो ना फोटो. घमेले भरायचे, हातोहात द्यायचे, पुन्हा भरायचे. पंधरा-पंधरा दिवस हे काम करणारी मुले होती, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या समाजांची. त्यांची यादी कोण करणार?

याच सुमारास आमच्या होडीची बातमी छापून आली. मथळा असा होता की मुस्लिम तरुणांनी माणुसकीचे दर्शन घडवले. बातमी देणाऱ्याचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. गावात ते कात्रण शंभर मोबाईलवर फिरले. मीही ते माझ्या मावसभावाला कुवेतला पाठवले. तरी पण काही तरी बोचत राहिले. दर्शन घडवायला माणुसकी काय कपाटात ठेवलेली होती? पूरग्रस्ताला कडेला आणणारा दुसरा कोणी असता तर मथळ्यात त्याचा धर्म आला असता का? आपल्या चांगुलपणाची बातमी होते ती अपवाद म्हणून, आणि आपण ती आनंदाने पुढे पाठवतो, कारण इतर दिवशी आपल्याविषयी ज्या बातम्या येतात त्या आपल्याला माहीत आहेत. हे दोन्ही खरे आहे.

आणि या मथळ्यात वल्हे मारणाऱ्या भोई तरुणाचे काय झाले? तो गळाला. काही दिवसांनी त्याच्या समाजाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण पाहिले, तर त्यात "आपल्या समाजाच्या तरुणाने अनेकांचे प्राण वाचवले" असे होते. तिथे चाचा आणि पुतण्या गळाले. एकाच होडीतली माणसे दोन बातम्यांत अशी वाटली गेली. त्या तरुणाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "टीचर, बरा झाला. दोन ठिकाणी जेवण मिळाला."

केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसे काढली. त्यांत ख्रिस्ती होते, मुस्लिम होते, हिंदू होते. मलप्पुरम जिल्ह्यात एका मुस्लिम मच्छीमाराने होडीत चढता न येणाऱ्या बायकांसाठी पाण्यात गुडघे टेकून आपली पाठ पायरीसारखी केली. ते चित्रण देशभर पाहिले गेले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी मच्छीमारांना केरळचे सैन्य म्हटले. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सरकारने प्रत्येक होडीमागे दिवसाला तीन हजार रुपये आणि मोडलेल्या होड्यांची दुरुस्ती जाहीर केली. काही मच्छीमारांनी पैसे नाकारले. माणसे वाचवल्याचे पैसे नकोत, असे त्यांचे म्हणणे. दुरुस्तीची गोष्ट वेगळी. होडी मोडली तर उद्याची चूल बंद, आणि ते राज्याला कळले होते.

आमच्या चाचांचे मशीन गाळाने जाम झाले. दुरुस्तीचा खर्च सतरा हजार सांगितला. नारळी पौर्णिमेनंतर खाडीत उतरायचे दिवस जवळ आले आणि ते घरी. मी मानपत्रासाठी त्यांची माहिती विचारायला गेले तेव्हा ते मशीनचे भाग रॉकेलमध्ये धूत बसले होते. म्हणाले, "शाल नको, टीचर. शालीच्या पैशांत पिस्टनच्या रिंगा येतील काय बघा." मी ही गोष्ट जमातीत मांडली. शाली, ट्रॉफ्या, मंडप, स्पीकर यांचा खर्च तीस हजारांच्या पुढे जात होता. वाद झाला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की मशीन आपण गुपचूप दुरुस्त करून देऊच, पण लोकांनी पाहिले पाहिजे, आपल्या मुलांनी काय केले हे चारचौघांत बोलले गेले पाहिजे. त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटत नाही. ज्या समाजाला सारखे स्वतःबद्दल खुलासे द्यावे लागतात, त्याला एखादा मंडप घालावासा वाटणारच. अखेर ट्रॉफ्या कमी झाल्या, मंडपाऐवजी शाळेचे पटांगण घेतले, आणि आठ हजार रुपये मशीनला मिळाले. बाकीचे चाचांनी उसने काढले. दल्ल्याकडून आगाऊ घेतले म्हणजे पुढची मासळी त्यालाच त्याच्या भावाने द्यायची, हे खाडीवर राहणाऱ्यांना सांगायला नको.

टेम्पोवाल्या मुलाचे प्रकरण त्याहून गंभीर होते. पाण्याखालच्या पत्र्याने त्याची पोटरी कापली होती. त्याने हळद दाबली, फडके बांधले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरला. आठवड्याने ताप, डोळे लाल, अंग पिवळे. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे, हा रोग शिरतो आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. पुराच्या पाण्यात काम करणाऱ्याला प्रतिबंधाची गोळी वेळेवर मिळाली तर धोका पुष्कळ कमी होतो. ती त्याला कोणी दिली नाही, कारण तो कोणाचाच नव्हता. सतरा दिवस दवाखाना. बिल लोकांनी वर्गणी काढून भरले. त्याच्या कागदांची फाईल घेऊन मी एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी आदराने बसवले, चहा दिला, सगळे ऐकले. मग विचारले, "पण यांना पाठवले कोणी? आदेश कोणाचा होता?"

आदेश कोणाचाच नव्हता. माणूस बुडताना दिसला म्हणून तो गेला होता. आदेश नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून नुकसान नाही. त्या दिवशी मला कळले की उर्दूत आम्ही ज्याला एतराफ म्हणतो तो सत्काराने पुरा होत नाही. एतराफ म्हणजे मान्य करणे. तू गेला होतास, तुझी पोटरी कापली, हे आम्हांला मान्य आहे, असे कुठल्या तरी कागदावर असणे.

असे कागद देशात नाहीत असे नाही. दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांसाठी जीवन रक्षा पदके आहेत. २०१९ पासून सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार दर २३ जानेवारीला जाहीर होतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये तीस पूरप्रवण जिल्ह्यांत आपदा मित्र योजना सुरू केली. पुढे ती साडेतीनशे जिल्ह्यांपर्यंत आणि एक लाख माणसांपर्यंत नेण्याचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, जीवरक्षक जाकीट वगैरे साहित्याचा संच, आणि मुख्य म्हणजे विमा. ही योजना मला मनापासून आवडली. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना मी फॉर्म भरून दिले आहेत. पण वयाची अट १८ ते ४०. चाचा त्यात बसत नाहीत. भोई तरुण बसला, गेला, आणि परत आला तेव्हा म्हणाला की रस्सीच्या गाठी चांगल्या शिकवल्या, मात्र एक गाठ त्यांना चाचांकडून शिकायला हवी.

सत्कार स्वातंत्र्यदिनी झाला. मानपत्रात मी शेवटी "आमची मुले" असे लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही. टेम्पोवाला तेव्हा दवाखान्यात होता. त्याचे मानपत्र घेऊन मी त्याच्या घरी गेले. त्याची आई विधवा, हाच एक मुलगा. तिने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हते तरी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मला म्हणाली, "टीचर, याला चांगला म्हणू नका. चांगला म्हटलात तर हा पुढच्या वेळी पण जाईल." माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा कोणाच्या तरी एकुलत्या एका मुलाला पुन्हा पाण्यात पाठवत असतो का? की न वाजवल्या तरी तो जाणारच असतो? ती माऊली चिडून बोलली होती, पण मानपत्र तिने परत दिले नाही. पुढे गेले तेव्हा ते काच लावून भिंतीवर होते.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही शाळेत एक वही केली. जुने हजेरीचे मस्टर होते, त्याचीच पाने वापरली. कोणाकडे होडी आहे, मशीन चालू आहे की बंद, रस्सी किती फूट, पोहता येते का, रक्तगट कोणता, धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले. देगांसाठी वेगळे पान, आणि तिथे बायकांची नावे पूर्ण, समस्त नाही. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत देतो आणि पोच घेतो. तिच्यावर गोल शिक्का असतो. कायद्यात त्या शिक्क्याला किती किंमत आहे हा प्रश्न आहेच, पण पुढच्या वेळी आदेश कोणाचा असे कोणी विचारले तर निदान दाखवायला तारीख असेल. दरवर्षी पावसाआधी आठवी-नववीची मुले घरोघर जाऊन वही दुरुस्त करतात. उर्दूत विचारतात, कोकणीत उत्तर ऐकतात आणि मराठीत लिहितात. भाषेचा याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

शेवटचा रकाना आहे, घरी कोणाला कळवायचे. टेम्पोवाल्याच्या घरी मुले गेली तेव्हा तो बाहेर होता. आईने मुलींना बसवले, सरबत दिले आणि त्याच्या नावापुढे स्वतःचा नंबर लिहून घेतला. वर बजावले, "आधी मला फोन करायचा, मग त्याला."